हिरव्या पाण्यातले मासे

माझा स्वभाव मुळात तापट आणि बायकोच्या आजारपणात तो आणखी बिघडला. "आता घरी न्या, त्यांना आवडतं ते करा," असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्याचा राग मी गोंदियाला पोचेपर्यंत गाडीवाल्यावर काढला. तिला काय आवडतं हे विचारायची गरज नव्हती. परसात सिमेंटचं टाकं होतं आणि त्यात मासे. टाकं तिने हट्टाने बांधून घेतलेलं, मासेही तिनेच आणलेले. मी तिचा पलंग मागच्या खोलीत खिडकीशी नेला. उशा लावून बसवलं की टाकं अगदी समोर यायचं.

पण दवाखान्याच्या चकरांमध्ये टाक्याकडे कोणी बघितलं नव्हतं. पाणी हिरवंगार झालं होतं, पालक उकळल्यासारखं. मासे आत होते, खाणं टाकलं की वर बुडबुडे यायचे, पण दिसत एकही नव्हता. ती तरी तिकडेच बघत बसायची. "एक डाव दिसले असते तं बरं झालं असतं," असं एकदा म्हणाली. एवढ्या आजारपणात तिने मागितलेली ही एकच गोष्ट. मी पाणी बदलून पाहिलं, ते थोड्याच दिवसांत पुन्हा हिरवं झालं.

मग मोबाइलवर बघून पाणी गाळायला गिट्टीचा, म्हणजे खडीचा, वाफा करायचं ठरवलं. टाक्याला लागून विटांचा हौद बांधला, तळाशी भोकं पाडलेला पाइप घातला, त्यावर धुतलेली गिट्टी भरली, आणि गिट्टीत वेखंड, कर्दळ आणि धोपा लावला. धोपा म्हणजे अळू. माती अजिबात घालायची नाही. पंपाने टाक्यातलं पाणी खालून सोडायचं, ते गिट्टीतून वर चढतं, घाण आत अडकते, ती झाडांची मुळं खातात, आणि चांगलं पाणी काठावरून परत टाक्यात पडतं. काही आठवड्यांत टाक्याचा तळ दिसू लागतो म्हणे. तेवढे आठवडे आमच्याकडे आहेत का, हे मनात आलं की मी गिट्टी आणखी जोराने धुवायचो.

बाबा शेजारी खुर्ची टाकून बसायचे. आमचं मूळ गाव सौंदडकडचं आणि घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. बोड्या, म्हणजे गावचे लहान तलाव, त्यांचे मातीचे बांध बाबांनी तरुणपणी पायांनी चिखल तुडवून बांधलेले. अशी पाळ पाझरली तर बांधणाऱ्याला लोक तोंडावर बोलायचे, त्याच्या पोरालाही बोलायचे. आता बाबांचा एक डोळा गेलेला आणि दुसऱ्याने धूसर दिसायचं. त्यांनी गिट्टी हाताने चाचपली.

"हे कायले करून राहिला रे? पानी थांबन कसं याच्यात? चारनी आहे हे."

"थांबवायचंच नाही बाबा. जाऊ द्यायचं आहे."

"पानी जाऊ देते त्याले बोडी म्हनत नाहीत," ते म्हणाले. खिडकीतून ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी वाद वाढवला नाही.

वाफा सुरू झाला. आठवडाभरात पाण्याचा हिरवेपणा जरा विरळ वाटू लागला आणि मला हुरूप आला. तेवढ्यात तिचं औषध संपलं, ते आणायला मी नागपूरला गेलो. संध्याकाळी परतलो तर बाबा परसात उभे होते, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेले. शेजाऱ्याच्या धानाच्या बांधीतून त्यांनी चिकण मातीच्या टोपल्या मागवल्या होत्या. झाडं उपटून, सगळ्या गिट्टीवर ती माती पसरून, पाणी शिंपून, दिवसभर पायांनी तुडवली होती. मग झाडं परत लावली होती, धानाची रोवणी करावी तशी ओळीत. पंप घरघरत होता आणि वाफ्यातून थेंबभरही पाणी येत नव्हतं.

"आता एक थेंब जाऊन दाखवू दे," बाबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "सुनेसाठी बांधलं. पक्कं आहे."

माझं डोकं फिरलं. फावडं हातात घेतलंच होतं, तेवढ्यात खिडकीतून तिचा आवाज आला.

"मामाजी, पानी लय साजरं झालं जी. मासे दिसून राहिले."

मी टाक्याकडे पाहिलं. हिरव्या पाण्यात वरून माती उतरून ते आणखी गढूळ झालं होतं. बाबा मात्र मटकन खाली बसले आणि आनंदाने रडायला लागले.

मी फावडं टाकून आत गेलो. "काऊन खोटं बोलली? माती आत्ताच काढतो. महिन्याभरात पाणी निवळते."

"काढू नोका," ती म्हणाली. "या घरात सगळे माह्याकडे पाहून रडून राहिले. एक मानूस तं खुश आहे."

"अन् तुले मासे पाहाचे होते ते?"

"महिना कुठं आहे माह्याजवळ?"

आमच्या घरात हे तोवर कोणीच उच्चारलं नव्हतं. मी तिचे पाय दाबत बसलो. दुसऱ्या दिवशी पंपाचा पाइप वाफ्यातून काढून सरळ टाक्यात सोडला, म्हणजे बाबांना पाणी पडल्याचा आवाज तरी येईल.

त्यानंतर रोज दुपारी बाबा खिडकीखाली खुर्ची आणायचे. "काय करून राहिले आज?" असं विचारायचे आणि ती सांगायची. लाल मासा रुसला आहे, कोपरा सोडत नाही. दोघी बहिणी दिवसभर धोप्याच्या सावलीत गप्पा मारतात. "अन् एक आहे जी, अगदी तुमच्या पोरावानी. सगळ्यायच्या अंगावर जाते, मंग एकटाच तोंड पाडून बसते." बाबा खो खो हसायचे. मी स्वयंपाकघरात तिची पेज ढवळत ऐकायचो आणि मला हसू यायचं, रडूही यायचं. पुढे तिचा आवाज बारीक होत गेला, दोन वाक्यांतच दम लागायचा, तरी माशांचं सांगणं तिने चुकवलं नाही.

दिवाळी झाली आणि ती गेली.

तेरवी उरकल्यावर मी वाफा उपसला. मुळं कुजली आहेत, असं बाबांना सांगितलं. गिट्टी टोपली टोपली धुतली, झाडं पुन्हा लावली, पाइप जागेवर बसवला. थंडी पडली तशी हिरवट झाक उतरत गेली आणि एका सकाळी टाक्याचा तळ दिसला. सगळे मासे दिसले, त्यांच्या सावल्याही तळावर दिसल्या. स्वच्छ पाण्याचा इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

त्या दुपारी बाबांनी खुर्ची पुन्हा खिडकीखाली आणली. ती गेल्यापासून आणली नव्हती.

"काय करून राहिले?" त्यांनी मला विचारलं.

मी तिच्या पलंगावर बसलो आणि दिसत होतं ते सांगितलं. "दोन लाल आहेत, खाली तळाशी. बाकीचे फिरून राहिले."

"अन्?"

"अन् काही नाही बाबा. फिरून राहिले."

बाबांनी खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढली. मग म्हणाले, "तुले नीट दिसत नाही रे. तिले सगळं दिसत होतं."

"हो बाबा," मी म्हणालो.