नवरा-नवरीच्या मागची मिठागरं

एक जुना फोटो स्कॅन करायला दोन मिनिटं लागतात आणि तो आणणाऱ्याला निरोप द्यायला दोन तास. आमच्या सानपाड्याच्या सोसायटी ऑफिसात दर रविवारी हेच होतं. नवी मुंबई आणि इथले कारखाने कसे उभे राहिले, ते फोटोंत आणि फिल्ममध्ये जपायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं. मी, शाळेतून रिटायर झालेली बाई, आणि कांबळेकाका, ज्यांनी बेलापूरच्या एका ऑफिसात बसून या शहराचे नकाशे काढले. हार्ड डिस्क अजून अर्धी रिकामी आहे. किस्से मात्र मावेनासे झालेत.

* * *

पहिल्याच रविवारी ग्रुपवर मेसेज टाकला, "आपल्या भागाचे जुने फोटो आणा." लोकांनी लग्नाचे अल्बम आणले! मी वैतागून पानं उलटत होते, तर शेजारच्या देशमुखवहिनी म्हणाल्या, "आम्हाला काय बघताय बाई? मागे बघा."

मागे मंडपाचा पडदा वाऱ्याने उडाला होता आणि पलीकडे दूरवर मिठागरं. आज तिथे आमची सोसायटी आहे.

मी कॉम्प्युटरवर नवरा-नवरीला कापायला निघाले, तर कांबळेकाकांनी थांबवलं. "राहू द्या त्यांना. मागचं किती लांब ते कळायला स्केल लागतो."

* * *

माने तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी गेटसमोरचा ग्रुप फोटो आणला. सगळे ताठ उभे, फक्त एकाने तोंडापुढे जेवणाचा डबा धरलेला.

"हा कोण?"

"मीच."

"लाजलात की काय?"

"छे हो. सिक लिव्हवर होतो."

"मग आलात कशाला?"

"वा, कारखान्याची पहिली बॅच आमची. फोटो चुकवून कसं चालेल?"

* * *

एकदा नेरुळला एकांकडे फोटो आणायला आम्ही रिक्षाने निघालो. कांबळेकाका म्हणाले, पत्ता विचारायची गरज नाही. त्याच चौकात आम्ही तिसऱ्यांदा आलो तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "काका, इकडे नवीन वाटतं?"

काकांना लागलं. "अरे, हा रस्ता मी काढलाय."

"मग सरळ काढायचा ना."

* * *

बेलापूरजवळच्या कोळीवाड्यातल्या हिराआजींची मुलाखत घ्यायची होती. कॅमेरा लावला. काकांनी स्वतःच्या हातचा पहिला नकाशा पसरला. खाडीकाठच्या एका तुकड्यावर आजींनी बोट ठेवलं.

"हितं काय लिवलंय?"

काका जरा घुटमळले. "रिकामी जागा."

"रिकामी कशी? आमचं शेत व्हतं. त्या बांधाला माझी पोरं बिळातल्या चिंबोऱ्या धराची."

काकांचं तोंड उतरलं. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि म्हणाले, "सांगा आजी, मी लिहितो." आजी सांगत गेल्या. शेत, बांध, विहीर, होड्या ओढायची जागा. तासाभरात त्या तुकड्यावर बोटभर जागा उरली नाही. मग आजी म्हणाल्या, "आता जरा बरा दिसतो तुजा नकाशा."

* * *

एका कारखान्यातल्या इंजिनिअरने हौसेने काढलेली मुकी फिल्म त्यांच्या मुलीने आम्हाला दिली. ती आम्ही कोळीवाड्याच्या समाजमंदिरात भिंतीवर दाखवली. कारखान्याची चिमणी उभी राहतेय, आणि तिच्या समोरून खांद्यावर जाळं घेतलेला एक माणूस चालत जातो. डावीकडून येतो, उजवीकडे दिसेनासा होतो. जेमतेम दहा सेकंद.

पुढच्या खुर्चीवर बसलेल्या हिराआजी उठल्या. "आमचं मालक हायेत ते."

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्यांचा एकच फोटो, तोही हार घातलेला.

"परत लाव."

लॅपटॉपवर कांबळेकाका होते. त्यांनी परत लावली. मग परत. प्रत्येक वेळी आजी हसायच्या, शेजारणीला त्यांची चाल दाखवायच्या. पोरंबाळं टाळ्या वाजवायला लागली. सात-आठ वेळा झालं, तरी काकांचा हात बटणावरच होता.

मग आजीच म्हणाल्या, "आता बस कर रं. किती चालवशील त्यांना? जेवले नाय ते अजून."