दहा लाख एकचा भाजक

बारावीच्या वर्षी मी लातूरला एका क्लासमध्ये होते. गाव आमचं मुदखेडजवळ. क्लासच्या हॉलमध्ये दोनशे पोरं बसायची आणि गणिताच्या सरांना मध्ये कुणी बोललेलं खपायचं नाही.

एकदा त्यांनी फळ्यावर १०,००,००१ लिहिलं. म्हणाले, "ही मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, कशानंच भाग जात नाही. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मला पटेना. तेरापाशी थांबून कसं चालेल? हिचं वर्गमूळ हजाराच्या घरात, तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायला हव्यात. मी वहीच्या मागच्या पानावर भागायला लागले. शंभराच्या आतल्या पंचवीसच्या पंचवीस संपल्या, दर वेळी बाकी उरली. सव्विसावी एकशे एक. तिनं नि:शेष भाग गेला. भागाकार आला ९९०१.

मी हात वर केला. "सर, ही मूळ न्हाई. मी आत्ताच भागून राहिले होते, एकशे एकनं..."

"भागून राहिले होते!" सरांनी माझा हेल काढून दाखवला. हॉल खदखदून हसला. वही त्यांनी हातातसुद्धा घेतली नाही. बाबांना मात्र फोन गेला: मुलगी उद्धट आहे, येऊन भेटा.

दुसऱ्या दिवशी बाबा हातातलं काम टाकून आले. सरांसमोर हात जोडून उभे राहिले आणि मला म्हणाले, "माफी माग."

मी मागितली. बरोबर उत्तराची माफी!

बसस्टँडवर बाबा हळूच म्हणाले, "कसं काय ते, दाखव बरं." मी ९९०१ला एकशे एकनं गुणून दाखवलं. शेतीच्या हिशेबात मुरलेला माणूस, बोट ठेवून एकेक हातचा तपासत गेला.

"खरंच हाय की गं."

"मग माफी कशाला मागायला लावली?"

"काढून टाकलं असतं तुला. मंग कुठं गेली असतीस?"

गाडी सुटेपर्यंत मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

सकाळी सर यायच्या आधी फळ्यावर तो गुणाकार मोठ्या अक्षरांत लिहिला आणि खाली लिहिलं, "कालची माफी मी परत घेते." सरांनी वाचलं, पुसलं, आणि मला कच्च्या मुलांच्या शेवटच्या बॅचमध्ये पाठवलं. वर्षभर तिथंच ठेवलं.

क्लासच्या पुढच्या वर्षीच्या छापील नोट्स मैत्रिणीनं दाखवल्या. संयुक्त संख्यांच्या यादीत पहिलीच दहा लाख एक, अवयव १०१ आणि ९९०१. चूक झाली होती, असं त्या माणसानं कुणाला सांगितलं नाही. मला तर नाहीच.

आता मी नांदेडला गणित शिकवते. लोक म्हणतात, सोडून दे, लहान गोष्ट आहे. मी सोडलेली नाही.