माधवअण्णा आणि माझी झोपलेली गाडी

माधवअण्णा भेटले की नमस्काराआधी विचारायचे, "किती व्होल्ट?" आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. तीन पिढ्यांपासून बेंगळुरात असलेलं मराठी घर. उभा जन्म पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत बॅटऱ्या दुरुस्त करण्यात गेलेला. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मीटर.

पन्नाशीत मी हौसेनं कॅम्पर व्हॅन घेतली, आत झोपायची सोय असलेली. वर्षातून दोनदा फिरते, एरवी तळघरात झोपते. टपावर मी सोलर पॅनेलही बसवून घेतलं. अण्णांनी तळघराच्या छताकडे पाहिलं. "इथं सूर्य कुठल्या बाजूनं उगवतो, स्वामी?" माझी बायको अजून पाहुण्यांना हे सांगते.

दर रविवारी मी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचो. अण्णांनी तेही बंद केलं. "स्टार्टरनं खाल्लेलंसुद्धा तेवढ्यात भरून येत नाही. बॅटरी वापरून मरत नाही, विसरून मरते." त्यांनी ती पूर्ण चार्ज केली, निगेटिव्हची वायर काढून ठेवली, म्हणजे उभ्या गाडीत ती झिरपत राहणार नाही. "महिन्यातून एकदा चार्जर लावा. स्वल्प काम."

स्वल्पच होतं. पण आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, गाडीतच आरती वाजावी म्हणून मी वायर जोडली. हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, प्रसाद वाटला. वायर काढायची राहिली, पुढं चार्जर लावायचाही.

दीड महिन्यानं अण्णांनी पहिल्यांदाच काही मागितलं. त्यांची बायको, आमच्या सगळ्यांची अक्का, व्हीलचेअरवर. दूर सागर गावात तिची ताई अंथरुणाला खिळलेली. "आडवं होऊन जाता येईल अशी गाडी तुमचीच. बॅटरी ठीक आहे ना?"

"एकदम!" खाली न जाताच मी म्हणालो.

"तुम्ही म्हणता, तर सरी. ठीकच असणार."

निघायच्या सकाळी अक्का नवी साडी नेसून गाडीत आडवी झाली. मी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्.

"दुसऱ्या गाडीला वायर लावून चालू करू," मी घाईनं म्हणालो.

"चालू होईल हो. पण वाटेत रानात बंद पडली तर हिला कुठं उतरवू?" अण्णांनी मीटर लावला, वाचला, खिशात घातला. आकडाही सांगितला नाही. मला चार शिव्या हव्या होत्या. त्यांनी अक्काची खुर्ची लिफ्टकडे वळवली.

नवी बॅटरी दोन दिवसांत बसली. पण अक्काला ताप आला, डॉक्टरांनी प्रवास थांबवला. पंधराव्या दिवशी सागरहून फोन आला. ताई गेली.

आम्ही तासाभरात निघालो. वाटेत अण्णा माझ्या गाडी चालवण्याचं कौतुक करत राहिले, कॉफी पाजत राहिले. त्यांच्या त्या चांगुलपणानं मी अगदी वैतागून गेलो.

ताईच्या दारात खुर्ची उतरवताना अक्कानं गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला.

"छान आहे हो गाडी," ती म्हणाली. "ताईला आवडली असती."