माळावरचे सात ढीग

देवावर माझा विश्वास नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल. होता, पण मोजूनमापून. सोमवारी औंढ्याला जायचं, नागनाथापुढे हात जोडायचे, बाहेर येऊन चहा प्यायचा. त्यापलीकडे आमचं एकमेकांवाचून काही अडत नव्हतं. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास डोंगरावर पाणी अडवण्याच्या कामावर मी देखरेखीला होतो, आणि हातात मोजपट्टी आली की माणसाला आपण शहाणे झालो असं वाटतं. मला तर फारच वाटत होतं.

आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या गावात राहायचो, मी आणि माय. आमच्या डोंगराला शिखर नाही. काळ्या खडकाच्या पायऱ्या चढून, सीताफळी आणि पळस मागे टाकून वर गेलं की एकदम सपाट माळ लागतो. झाड नाही, झुडूप नाही, गुडघाभर कुसळी गवत आणि तांबडा मुरूम. सगळीकडे सारखंच. चालता चालता माळ अचानक संपतो आणि पायाखाली कडा असतो. त्या माळावर दगडांचे सात ढीग होते, कमरेएवढे, एका ओळीत. एकापासून दुसरा बरोबर साठ पावलांवर. सातवा कड्यापाशी, तिथून वाट डावीकडे वळून झऱ्याजवळच्या महादेवाच्या पिंडीकडे जायची. जाणाऱ्यानं प्रत्येक ढिगावर एक दगड ठेवायचा, अशी रीत.

मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी दर सोमवारी ती एकटी पिंडीला जायची. साठ पावलं मोजायची, हाताला ढीग लागला की दगड ठेवायची आणि पुढे निघायची. सोबत कुणी यायला लागलं तर चिडायची.

आम्ही उतारावर दगडी बांध घालत होतो. एक बांध माळावरच्या एकुलत्या बुटक्या टेकाडाला वेढा घालून जाणार होता आणि तिथंच दगड कमी पडले. ढीग तर समोरच. मी म्हणालो, उचला. मजूर शेजारच्या तांड्यावरचे होते. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा सोमला शांतपणे म्हणाला, "न्हाई साहेब. आमच्या आज्या-पणज्यानं बैलं घेऊन जाताना ठेवलेले दगड हायेत. धुईत वाट दिसत न्हाई, म्हणून. तुमी काहून मोडता?"

मी हसलो आणि स्वतःच्या हातांनी पहिला ढीग मोडला. मग सगळेच. सोमलानं हात लावला नाही, पण तो तिथून गेलाही नाही, बघत उभा राहिला. पहिल्या ढिगावरची पांढरी गारगोटी मला आवडली. ती मी घरी आणून टेबलावर कागदांवर ठेवली. मायचा गुडघा सुजला होता, ती महिनाभर वर जाणार नव्हती. सांगू कधीतरी, म्हणून मी गप्प बसलो.

भादव्यातल्या एका सोमवारी मी सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर मायची काठी जागेवर नव्हती. शेजारीण म्हणाली, "मावशी कवाच गेल्या की वरी. गुडघा बरा हाय म्हणल्या." मी डोंगराकडे पाहिलं. डोंगर नव्हता. नुसती धुई होती, दाट धुकं, आणि वर भुरभुर पाऊस.

कसा चढलो ते आठवत नाही. वर पोचलो तर माझाच हात मला धड दिसेना. हाका मारल्या, पण आवाज पुढे जाईना, तोंडापाशीच राही. मग पायाला माझा बांध लागला. जीव भांड्यात पडला. हातातली छत्री तिथंच रोवली आणि बांध धरून निघालो. खूप वेळ चाललो. कुठं तरी निघेन असं वाटत असतानाच समोर एक छत्री उभी दिसली. माझीच. बांध टेकाडाभोवती सम पातळीत मीच आखला होता. तो कुठंच जात नव्हता.

तेव्हा मी खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. म्हणालो, मला काही कळत नाही, आता तूच बघ. एवढंच म्हणालो. उठताना आधारासाठी हात पुढे केला, तर हाताला दगड लागले. कमरेएवढा ढीग होता. वर पांढरी गारगोटी होती. पावसात भिजत होती आणि तरी कोमट होती.

मी विचार केला नाही. साठ पावलं मोजली. दुसरा. पुन्हा साठ. तिसरा. भीती वाटत होती, ढिगांची वाटत होती, मागे वळून बघायची हिंमत नव्हती. सातव्याजवळ माय बसली होती, ढिगावर हात टेकवून. तिच्या पुढे दोन हातांवर कडा.

"गुडघा दुखून राहिला, म्हणून बसले," ती म्हणाली. "तू काहून रडतो लेकरा? वाटंला दगड हायेत की. सात मोजले, बराबर सात."

मी तिला कवेत धरलं. तेवढ्यात वारा सुटला आणि धुई फाटली. सगळा माळ उघडा पडला, रिकामा. ढीग नव्हता. जमिनीवर गोल फिकट डाग तेवढा होता. मायचा हात मात्र अजून तसाच होता, हवेत, कशावर तरी टेकवल्यासारखा.

घरी आलो. गारगोटी टेबलावरच होती. खालचे कागद भिजले होते. खिडकीतून पाऊस आला असेल, मी काही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी बांधाचे दगड काढून मी ढीग रचायला लागलो. थोड्या वेळानं सोमला आला आणि दगड देऊ लागला. गारगोटी पहिल्या ढिगावर परत ठेवली. त्या जागी बांधाला खिंडार पडलं, ते मी तसंच ठेवलं. मायला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, इतकंच म्हणाली, "मला वाटलंच. त्या दिवशी दगड ऊन होते."

आता माय नाही, सोमलाही नाही. माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलाय. मी सोमवारी वर जातो, साठ पावलं मोजतो, गारगोटीवर हात ठेवतो. ती नेहमी गार असते. पूर्वी मला त्याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. गार आहे म्हणजे मी आज वाटेवर आहे, आणि चुकलो तर ऊन करणारा आहेच.