आजोबांचं श्राद्ध आणि लायसन्सची दुरुस्ती

सांगायला लाज वाटते, पण सांगतोच. नाहीतर ओरगडमच्या कारखान्यातला काका तिखटमीठ लावून सांगेल.

इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलं. स्वतःला न येणारा कोड फळ्यावर उतरवून देणाऱ्या सरांकडून काय शिकायचं? तेव्हापासून वेस्ट मांबलमच्या घरात बसून तिथी काढणारं एक टूलकिट सांभाळतो. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही फुकट घ्यावं, आपल्या अ‍ॅपमध्ये वापरावं. बाबांच्या मते रिकामा उद्योग.

त्या आठवड्यात मी टूलकिटचं लायसन्स, म्हणजे वापराच्या अटी, बदललं. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लायसन्सचा मजकूर आणि साल असतं. दीडशे फाइली हातानं कोण उघडणार? एक कमांड मारली: जुनं साल दिसेल तिथे नवं घाल. जाताजाता दोन बग दुरुस्त केले, नवी आवृत्ती सोडली, कॉफी प्यायलो. तपासलं का? छे!

तेवढ्यात आजोबांचं श्राद्ध आलं. टूलकिट म्हणालं, या गुरुवारी. बाबांचं छापील पंचांग म्हणालं, पुढच्या शुक्रवारी.

"पंचांग चुकतं होय रे?"

"छापणारा माणूसच ना? चाळीस वर्षं डोळे मिटून पानं उलटताय तुम्ही. माझं बरोबर निघालं तर कॉलेजचं नाव पुन्हा काढायचं नाही!"

"सरि डा, ठीक आहे. वाध्यारांना विचारू."

वाध्यार म्हणजे आमचे गुरुजी. त्यांनी चष्मा वर करून फोनमध्ये बघितलं. "मुलगा बरोबर सांगतोय. गुरुवारच."

झालं! काकानं कारखान्यातून सुट्टी काढली. गुरुवारी श्राद्ध झालं, पिंडाला कावळाही शिवला. बाबा कित्येक महिन्यांनी माझ्याशी नीट बोलले.

शनिवारी टूलकिटच्या पानावर एका अ‍ॅपवाल्याची तक्रार: "तुमच्या हिशेबानं आज पौर्णिमा. आकाशात अर्धा चंद्र आहे."

कोड उघडला. अमावास्या ज्या सालापासून मोजायच्या, ते सालही माझ्या कमांडनं बदललं होतं! मग वाध्यारांनी साक्ष कशी दिली? त्यांच्या फोनमध्ये याच तक्रारवाल्याचं अ‍ॅप. माझ्याच टूलकिटवर चालणारं! वर बघून चंद्र पाहायची सवय वाध्यारांनाही नाही.

बाबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, हेच वाईट. सरळ काकाला फोन लावला.

"शुक्रवारी परत ये."

"अय्यो! साहेबाला काय सांगू? वडील पुन्हा वारले?"

बग पाच मिनिटांत दुरुस्त झाला. खाली अ‍ॅपवाल्यानं सभ्यपणे विचारलं, "या चुकीमुळे कोणाची प्रत्यक्ष अडचण झाली का?"

सगळ्या जगासमोर लिहावं लागलं: "हो. माझ्या आजोबांना परत जेवायला यावं लागतंय."