पांगावे, थांबावे आणि रावसाहेब

श्री. नारायणराव खालकर यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, तेव्हा त्यांच्याविषयी चार चांगल्या ओळी लिहून द्या, असा निरोप गौरवग्रंथाच्या संपादकांनी धाडला. ओळी देतो. चांगल्या निघतील याची हमी देत नाही. माझी अख्खी हयात पोलीस खात्यात गेली. तेवढ्या काळात चोर, दरोडेखोर आणि पुढारी यांनी मिळून मला जेवढा ताप दिला नसेल, तेवढा या एका सद्गृहस्थांनी दिला आहे. तहसीलदारांना आमच्याकडे रावसाहेब म्हणतात. नारायणराव निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण माझ्या तोंडातून अजून दुसरं काही निघत नाही, म्हणून इथेही तेच लिहितो.

आमची पहिली ओळख डांबरी रस्त्यावर झाली. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी कोवळा फौजदार, चांदवडच्या बाजूच्या एका ठाण्यात रुजू होऊन जेमतेम आठवडा झालेला. कांद्याचे भाव कोसळले होते आणि शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रॅक्टर आडवे लावले होते. ट्रकांची रांग पार घाटापर्यंत गेलेली. मी पोहोचलो तेव्हा रावसाहेब रस्त्याच्या मधोमध उभे होते. एका हातात कागद, दुसऱ्या तळहातावर मनगटावरून काढून ठेवलेलं घड्याळ. जमावाला उठायचा हुकूम देण्यासाठी दंडाधिकारी म्हणून ते आले होते. मी सॅल्यूट ठोकून म्हणालो, "साहेब, हुकूम द्या, दहा मिनिटांत रस्ता मोकळा करून देतो."

माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "काठी कमरेखाली मारायची असते, हे तुमच्या माणसांना माहीत आहे ना?"

"आहे, साहेब."

"मग त्यांना सांगा, तिथेही अजून मारायची नाही."

त्यानंतर जे झालं ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. त्यांनी हुकूम तीनदा सांगितला. एकदा सरकारी मराठीत, एकदा गावच्या बोलीत आणि एकदा अडकलेल्या ट्रकवाल्यांसाठी हिंदीत. प्रत्येक वेळी ते चालत चालत शेवटच्या रांगेपर्यंत जायचे आणि एखाद्या म्हाताऱ्यापुढे वाकून विचारायचे, "बाबा, मी काय म्हणालो?" बाबांना सांगता आलं नाही की परत पहिल्यापासून सुरुवात. मग घड्याळ बघत दहा मिनिटं थांबायचं. मी दातओठ खात उभा. दीड तासानं लोक आपण होऊन उठले. रावसाहेबांच्या मते ते समजून उठले. माझ्या मते कंटाळून.

बरं, या माणसाला शेतकऱ्यांचा पुळका होता म्हणावं, तर तेही नाही. त्या दिवशी आंदोलनाच्या पुढाऱ्यानं त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "रावसाहेब, तुमी आमचेच हाय." रावसाहेबांनी हात सोडवून घेतले आणि संध्याकाळच्या आत त्याच पुढाऱ्यावर रस्ता अडवल्याचा गुन्हा नोंदवायला लावला. पुढारी पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. चहाला बसलं की त्यांचं एकच पालुपद असायचं. गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण दुसऱ्याची वाट अडवायचा कुणालाच नाही. वाट अडवली तर उठवायचा हक्क सरकारला आहे, पण मारायचा नाही. आणि उठवायला लागेल तेवढंच बळ, त्याच्यावर एक बोटही जास्त नाही. आम्हा सगळ्यांना हे पाठ झालं होतं. ठाण्यातला हवालदार त्यांची नक्कल करायचा आणि मीच सगळ्यांत मोठ्यानं हसायचो.

आता ज्या दिवसासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगून टाकतो.

काही महिन्यांनी त्याच महामार्गावर पुन्हा रास्ता रोको झाला. आमचे मोठे साहेब रजेवर होते, त्यामुळे ठाणं माझ्याकडे. रावसाहेब पलीकडच्या टोकाला पुढाऱ्यांची समजूत घालत होते, मी अलीकडच्या टोकाला जीपपाशी. ऊन रणरणत होतं. एका वऱ्हाडाची बस अडकली होती, त्यातले लोक माझ्या अंगावर येत होते. दुधाचा टँकर अडकला होता. एका जीपमध्ये छातीत दुखणारा पेशंट होता, त्याचा भाऊ माझ्यापुढे हात जोडून रडत होता. रावसाहेबांचं तीनदा सांगणं संपेपर्यंत तो माणूस जगला असता की नाही, कोण सांगणार? पोलीस अधिकाऱ्यालाही जमाव हटवायचा हुकूम देता येतो, कायद्यानं येतो. मी जीपच्या टपावरचा कर्णा चालू केला. तो एका बाजूनं चेपलेला आणि घसा बसल्यासारखा घरघरणारा होता. मी कागद वाचला: "हा जमाव बेकायदेशीर ठरविण्यात आला आहे. तरी जमावाने त्वरित पांगावे."

एकदाच वाचला. सरकारी मराठीत.

कुणी उठलं नाही. उलट, जे अर्धवट उठून बघत होते तेही परत खाली बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, हा निव्वळ माज आहे. मी हात वर केला आणि काठ्या चालल्या. पाच मिनिटांत रस्ता मोकळा झाला. पेशंटची जीप गेली, तो माणूस वाचला, हेही सांगितलं पाहिजे. पण पहिल्या रांगेतल्या ताराबाई नावाच्या बाईंनी डोकं वाचवायला हात वर धरला होता, त्यांचं मनगट मोडलं. पन्नाशी उलटलेली बाई. काठी माझ्या हातात नव्हती, पण हुकूम माझा होता.

चौकशी लागली. हुकूम स्पष्ट ऐकू आला होता, एवढं रावसाहेबांनी लिहून दिलं की मी सुटणार होतो. नाही दिलं तर वर्दी जाण्यापर्यंत मजल होती. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत. एका रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पोहे पुढे ठेवले. मी विषय काढला. रावसाहेब मेथी निवडत बसले होते, ते निवडतच राहिले.

"मी शंभर पावलांवर होतो," ते म्हणाले. "मला 'थांबावे' ऐकू आलं."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "साहेब, मी 'पांगावे' म्हणालो. कागद आहे माझ्याकडे."

"असेल ना. पण कर्णा फाटका. पांगावे, थांबावे, शेवट सारखाच. जमावाने त्वरित थांबावे, असं ऐकू आलं. मलाही नवल वाटलं, हे लोकांना बसवून का ठेवताहेत म्हणून."

"पण मी तसं म्हणालो नाही हो."

"तुम्ही काय म्हणालात हा प्रश्न नाही. त्यांना काय कळलं, हा आहे. हुकूम पोहोचलाच नाही, तर तो मोडला कुणी?"

मी म्हणालो, "साहेब, माझी नोकरी जाईल."

"जाऊ नये असं मलाही वाटतं," ते म्हणाले, आणि वहिनींना हाक मारून माझ्यासाठी आणखी थोडे पोहे मागितले. मी हात टेकले. दाराशी सोडायला आलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मनाला लावून घेऊ नका. दूधवाल्याला उद्या येऊ नको म्हणायचं असलं तरी हे तीनदा सांगतात आणि वर त्याच्याकडून म्हणवून घेतात."

चौकशीत ताराबाईंना विचारलं, पोलिसांनी सांगूनही तुम्ही उठला का नाहीत? गळ्यात अडकवलेला हात सावरत त्या म्हणाल्या, "सायेब थांबा म्हणले, म्हून थांबले. उठा म्हणले असते तर मला काय तिथं ऱ्हायचं व्हतं? घरी म्हस तटाटली व्हती धारंला." खोलीत सगळे हसले. मी आणि रावसाहेब हसलो नाही. मग रावसाहेबांनी मेथी निवडताना सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द, जबाबात सांगितलं. हुकूम एकदाच दिला, वेळ दिला नाही, शेवटचा शब्द भलताच ऐकू आला.

माझी बदली मुख्यालयात झाली आणि बढती कित्येक वर्षं लांबली. माझ्या बरोबरीचे पुढे गेले. त्या काळात मी रावसाहेबांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या गौरवग्रंथात छापता येणार नाहीत. वर्दी वाचली कशी, हे पुढे त्या जबाबाची नक्कल हाती आली तेव्हा समजलं. त्यात, चौकशीत तोंडी सांगितला नव्हता असा, आणखी एक परिच्छेद होता. फौजदारांनी जखमी बाईंना स्वतः उचलून जीपमध्ये घातलं, दवाखान्यात नेलं आणि हे माझ्या हुकुमानं झालं असं डॉक्टरांना आपण होऊन सांगितलं, हेही मी मागोमाग जाऊन पाहिलं व ऐकलं आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. म्हणजे ज्यांनी मला खड्ड्यात घातलं, वर काढायचा दोरही त्यांनीच सोडला होता. अशा माणसावर धड रागावताही येत नाही. हा सगळ्यांत मोठा वैताग.

त्यांचा उपद्रव एवढ्यावर थांबला नाही. मी मुख्यालयात कुढत बसलो असताना एक दिवस स्कूटर घेऊन दारात हजर. "चला, ताराबाईंकडे जाऊन येऊ." मी म्हणालो, चौकशी झाली, शिक्षा झाली, आता कशाला? "चौकशी सरकारची झाली," एवढंच बोलून त्यांनी स्कूटर चालूच ठेवली. गेलो. ताराबाई चुलीपुढे होत्या. मला ओळखल्यावर त्यांनी आधी चहा टाकला. मी माफी मागितली. वाकडं मनगट माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "हात वाकडा बसला सायेब, पर भाकर गोलच येती." मग सावकाश म्हणाल्या, "आता कुणाला सांगायचं आसलं तर नीट सांगत जा."

आता दोन हजार सालानंतरचं ऐका. मला बढती मिळाली होती, मी निरीक्षक झालो होतो. भारनियमनानं लोक पिसाळले होते. सायखेड्याच्या पुलावर शेतकऱ्यांनी बैठक मारली, दोन्हीकडची वाहतूक बंद. वायरलेसवरून वरचे साहेब ओरडत होते, अजून रस्ता मोकळा का नाही? या वेळी मी नवा कर्णा आधी वाजवून पाहिला. एका शिपायाला पार मागच्या रांगेपाशी उभं केलं आणि सांगितलं, शब्द नीट ऐकू आला तरच रुमाल हलव. 'पांगावे' हा शब्द तर मी कधीच सोडून दिला होता. मी म्हणालो, "उठा. रस्ता सोडा. घरी जा. नाही उठलात तर आम्ही उचलू." शिपायानं रुमाल हलवला. मी घड्याळ काढलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "निरीक्षक साहेब, मागं ऐकू येत नाही. परत सांगा."

रावसाहेब. निवृत्त होऊन गावच्या शेतीवर आले होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. डोक्याला टॉवेल, मांडी घालून बसलेले. क्षणभर वाटलं, वर्दी काढावी, पुलाच्या कठड्यावर ठेवावी आणि घरी जावं. परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. मग स्वतः चालत शेवटच्या रांगेत गेलो आणि एका आजोबांना विचारलं, "बाबा, मी काय म्हणालो?" वायरलेस जीपमध्ये किंचाळत होता. बाबांनी बरोबर सांगितलं. दहा मिनिटं थांबलो. बहुतेक लोक उठले. जे उठले नाहीत त्यांना चौघाचौघांनी धरून उचललं. एकही काठी वर गेली नाही.

सगळ्यात शेवटी रावसाहेब राहिले. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "साहेब, आता उठा ना. लाज वाटते मला."

"उठणार नाही. वीज नाही, पिकं जळताहेत, म्हणून बसलोय. कायदा मी मोडलाय, तुम्ही उचला."

उचललं. चार शिपाई आणि पाचवा मी. गाडीत बसल्यावर त्यांनी पंचनामा मागून घेतला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि वेळ चुकली आहे म्हणाले, हुकूम आणि कारवाई यांत दहा नव्हे, बारा मिनिटं गेली होती. पुढे कोर्टात त्यांनी कुणी न विचारताच गुन्हा कबूल केला. त्यांच्या वकिलानं डोक्याला हात लावला. मी त्याच्या शेजारी उभा होतो, मी आधीच लावला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला दारात कुणाच्या मोडलेल्या हाताची आठवण घेऊन उभं राहावं लागलं नाही. यापेक्षा जास्त काही कमावलंय असं मला वाटत नाही. ते मला या माणसामुळे मिळालं, हे कबूल करायला इतकी वर्षं लागली.

गौरवग्रंथात बाकीचे सगळे रावसाहेबांना आयुरारोग्य चिंततील. मला नुसतं चिंतता येत नाही, मला हुकूम द्यायची सवय आहे. तेव्हा त्यांच्याच पद्धतीनं तीनदा देतो. सरकारी मराठीत: श्री. नारायणराव खालकर यांनी ठणठणीत प्रकृतीनिशी आमच्यात दीर्घकाळ थांबावे. गावच्या बोलीत: रावसाहेब, लय वर्षं थांबा, जायची काय बी घाई नाय. आणि घाटापर्यंत अडकलेल्या त्या सगळ्या ट्रकवाल्यांसाठी: साहब, अभी रुकना है.

समारंभाच्या दिवशी हेच मी कर्ण्यावरून वाचणार आहे. कर्णा तपासून ठेवला आहे. ताराबाई येणार आहेत, त्यांना शेवटच्या रांगेत बसवणार आहे आणि नंतर चालत जाऊन विचारणार आहे, "ताराबाई, मी काय म्हणालो?" त्या सांगतील, सायेब थांबा म्हणले. आणि या वेळी मी खरोखरच तसं म्हणालेलो असेन.