वास न घेतलेली शेवंती

आमची शेवंती पंचवटीच्या बाजारात जाते आणि तिथून देवाच्या गळ्यात. म्हणून घरात एक कायदा कडक: फुलाचा वास घ्यायचा नाही. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. माझी लेक चार वर्षांची झाली आणि तोडणीला माझ्यामागे यायला लागली. पहिल्याच दिवशी तिनं फूल नाकाला लावलं. मी असा धपाटा घातला, की दिवसभर फुरंगटून बसली. माझा स्वभावच मेला तसा, आधी हात चालतो, मग तोंड.

दुसऱ्या दिवशी बघते तर काय, बाईसाहेब नाक चिमटीत धरून सरीतून चालल्यात! श्वास कोंडून तोंड लालेलाल. बांधावर पोचली की 'हाऽऽ' करून श्वास सोडायची आणि परत नाक धरायची. सासूबाई हसता हसता बांधावरच बसल्या. "अगं, किती धाक घातलाय पोरीला!" मीही हसले. पोर ऐकते म्हणून मला तर बरंच वाटलं.

त्याच दिवाळीनंतर सासूबाई खाटेला खिळल्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका दुपारी मी अंगणात क्रेट भरत होते, तर ओसरीवरून त्या म्हणाल्या, "जलमभर फुलं तोडली गं. एकदा बी वास नाय घेतला. दे एखादं." मी टपोरं फूल निवडून लेकीजवळ दिलं. आजीनं ते नाकाशी नेलं मात्र, हिनं हिसकावलंच. "आजी, नको! देवाला चालत नाही. मम्मी मारेल!"

सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. "बरं बाई, नाय घेत."

दारात टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. उठून चार पावलं जायला मला काय धाड भरली होती? उद्या देऊ म्हटलं. जळला मेला तो टेम्पो.

सकाळी चहा घेऊन गेले, तर त्या गेलेल्या.

अंगणात त्यांना निजवलं. त्या दिवशीच्या बाजारासाठी पहाटेच तोडून भरलेले सगळे क्रेट मी त्यांच्या अंगावर रिकामे केले. रडू आवरत नव्हतं. लेक माझ्या कडेवर होती, सवयीनं नाक धरून. आजीच्या नाकातल्या कापसाकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "मम्मी, बघ ना, आजीनं पण नाक बंद केलंय. आता तिला मारू नको हं."